एअर सँडर पोरांच्या हातात द्यायच्या आधी काय काय बघायचं?

डेंटर_सातारा

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आपलं छोटंसं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं शेड आहे, मी आणि कामाला दोन पोरं. आत्तापर्यंत पुट्टी घासायचं सगळं काम हातानेच, लाकडी गुटका आणि पेपर. आता ५ इंची डीए सँडर (पॅड फिरता फिरता डोलतो ते घासायचं मशीन) घेतलाय, हवेवरचा. डब्यावर ९० पीएसआय (हवेचा दाब) आणि १२,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलंय. कंप्रेसर जुनाच, २ एचपीचा, पट्ट्याचा, आतापर्यंत स्प्रे गनपुरता वापरायचो.

प्रॉब्लेम असा की अर्धा दरवाजा घासून होत नाही तोवर सँडर मरगळतो, मग पोरं टाकी भरायची वाट बघत बसतात. कंप्रेसरचा मिस्त्री म्हणाला प्रेशर स्विचचा स्क्रू पिळून देतो, आता ८ किलो दाबाला कंप्रेसर कट होतोय तो १० ला होईल. करू का? दुसरं म्हणजे एका पोराने परवा सँडरचा लिव्हर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दाबूनच ठेवला होता, बोट दुखतं म्हणे. मी ओरडलो तर मला म्हणतो, शेठ यात करंट थोडीच आहे, हवाच तर आहे. आता त्याला नक्की काय सांगायचं, कारण खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नाही की हवेच्या टूलने काय होऊ शकतं. ग्राइंडरची भीती सगळ्यांना असते, याची कुणालाच नाही. ज्यांनी वापरलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

फिटर_तात्या

स्क्रूला हात लावू देऊ नका, पहिलं काम हे.

टाकीच्या प्लेटवर वर्किंग प्रेशर कोरलेलं असतं ते वाचा आधी. सेफ्टी वॉल्व्ह त्या हिशोबाने बसवलेला असतो. मिस्त्री आज स्विच पिळेल, उद्या वॉल्व्ह उडायला लागला की त्यालाही पाना लावेल, मग टाकी आणि तुमच्यामध्ये काय राहिलं? जुनी टाकी आतून गंजलेली असते, वरून रंग कितीही चकचकीत असू दे. खालचा ड्रेन कॉक रोज संध्याकाळी उघडता का? पावसाळ्यात तर सकाळ-संध्याकाळ उघडा, लाल पाणी आलं तर समजा आतला पत्रा खातोय. सेफ्टी वॉल्व्हची रिंग महिन्यातून एकदा ओढून बघायची, हवा फुस्सकन सुटून परत बसली पाहिजे.

आणि मूळ गोष्ट अशी की तुम्हाला प्रेशर कमी पडत नाहीये, हवा कमी पडतेय. दोन्ही वेगळं. २ एचपी कंप्रेसर कागदावर ७-८ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) देतो, प्रत्यक्षात त्याहून कमीच. डीए सलग चालवला तर १० ते १६ सीएफएम खातो. कॅटलॉगमध्ये ४-५ लिहिलेलं असतं ते थांबून थांबून चालवायचं सरासरी गणित असतं, सेल्समन ते सांगत नाही. १० किलो करून काय होईल, टाकी थोडी उशिरा रिकामी होईल बस, कंप्रेसरचं हेड मात्र तापून तापून जाईल. ५ एचपीचा घ्या किंवा आहे त्यावर थांबत थांबत काम करा, तिसरा रस्ता नाही.

रंगारी_नाशिक

तात्या उगाच घाबरवताय हो त्याला. आमच्याकडे कितीतरी वर्षं सँडर ८ किलोवरच चालतोय, दाब कमी करायचा रेग्युलेटर-बिग्युलेटर काही नाही, सरळ टाकीतून पाइप. जास्त हवा म्हणजे जास्त स्पीड, काम पटापट होतं. गिऱ्हाईक दारात उभं असतं तेव्हा पीएसआय मोजत बसणार का? काही झालं नाही आजपर्यंत.

भोसरी_टूलरूम

@रंगारी_नाशिक भाऊ, काही झालं नाही ते नशीब आहे, पद्धत नाही.

९० पीएसआय म्हणजे साधारण सव्वासहा किलो. हे ९० टूलच्या तोंडाशी पाहिजे आणि टूल चालू असताना. लिव्हर सोडलेला असताना गेज ९० दाखवतो आणि दाबला की ६५ वर येतो, हे रोजचं आहे, म्हणून रेग्युलेटर सेट करताना एकाने लिव्हर दाबून धरायचा आणि दुसऱ्याने नॉब फिरवायचा. बारीक नळीमुळे पण हवा मरते, ६ एमएम आतला व्यास असलेली ती गुंडाळीची पीयू नळी सँडरला पुरत नाही, १० एमएम ची रबरी घ्या, निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

आता ८ किलो थेट दिलं तर काय होतं. आतला रोटर ठरलेल्या स्पीडच्या वर जातो, सँडर पत्र्यावर टेकलेला असला तर कळत नाही, पण पोराने काम बघायला तो उचलला आणि लिव्हर दाबलेलाच असला की लोड नाही, मग तो सुसाट सुटतो. पॅडचा वेल्क्रो त्याच वेळी उपटतो, पेपर चकतीसारखा उडतो. म्हणून पॅड आधी पत्र्यावर टेकवायचा मग लिव्हर दाबायचा, आणि थांबवताना लिव्हर सोडून फिरणं थांबेपर्यंत टेकवूनच ठेवायचा. आणि ती ट्यूबची पट्टी! लिव्हर हा एकच ब्रेक आहे त्या टूलला, हातातून सुटला की बंद व्हावा म्हणूनच तो तसा बनवलाय. पट्टी बांधलेला सँडर हातातून निसटला तर नळीच्या टोकाला शेडभर नाचतो आणि तो पकडायला जो धावतो त्याच्याच तोंडावर बसतो.

सँडर तरी मवाळ गडी आहे, खरी भीती डाय ग्राइंडरची. तोही हवेवरचाच, हातात मावतो, म्हणून गॅरेजवाले त्यालाच मँड्रेल (चकती धरणारा दांडा) लावून कटिंग व्हील चढवतात. आता हिशोब बघा. ४ इंची कटिंग व्हीलवर ८० मीटर प्रति सेकंद छापलेलं असतं, म्हणजे जास्तीत जास्त साधारण १५,३०० आरपीएम. डाय ग्राइंडर फिरतो २०-२५ हजारांनी. २५ हजाराला तेच व्हील धरलं तर कडेचा वेग १३० मीटरवर जातो. व्हील फुटतं आणि तुकडा कुठे जाईल ते देवच जाणे, आमच्या इथे एका शेडमध्ये पत्र्याच्या छतातून आरपार गेलेला मी स्वतः बघितलाय, खाली उभा असलेला माणूस चहाला गेला होता म्हणून वाचला. चकती, फ्लॅप व्हील, छोटी रोलॉक डिस्क, काहीही असो, चढवायच्या आधी त्याच्यावरचा आरपीएम वाचायचा आणि तो टूलच्या आरपीएमपेक्षा जास्तच पाहिजे. कटिंग व्हीलच्या मधल्या लोखंडी रिंगवर महिना-वर्ष पण असतं, त्यानंतर ती वापरायची नाही, ओलीत पडलेली तर अजिबात नाही.

पेपर किंवा चकती बदलताना कपलर (नळी टूलला जोडणारा खटका) काढायचा आणि काढल्यावर एकदा लिव्हर दाबून आतली उरलेली हवा सोडायची. बोटं इथेच जातात, दोन सेकंदाच्या आळसाने.

डेंटर_सातारा

बापरे. पट्टी काढून टाकली आत्ताच, पोरासमोर. स्क्रूचंही कॅन्सल.

पण आता अजून दोन गोष्टी सांगतो, हसू नका. एक म्हणजे कंप्रेसर शेडच्या मागच्या कोपऱ्यात आहे आणि तिथून पुढे लाइन आणलीय ती प्लंबरकडून पीव्हीसी पाइपने, पाण्याची असते तीच. स्प्रे गनला चालत होती. दुसरं, जे पोरगं सँडर जास्त चालवतं त्याला रात्री बोटांना मुंग्या येतात म्हणतो. मी म्हटलं सवय नाही, होईल. की याचं काही वेगळं आहे?

निवृत्त_सेफ्टीवाला

दोन्ही वेगळं आहे आणि दोन्ही आजच्या आज बघायचं आहे.

पीव्हीसी. पाण्याच्या पाइपला चीर गेली की पाणी फवारतं आणि प्रेशर लगेच पडतं, कारण पाणी दाबलं जात नाही. हवा दाबून भरलेली असते, तिच्यात साठलेली ताकद एका क्षणात सुटते, त्यात पीव्हीसी ठिसूळ, फुटतो तो धारदार तुकडे होऊन फुटतो. शिवाय कंप्रेसरमधून गरम हवा येते, तेलाचा अंश येतो, उन्हाने पाइप आणखी कडक होतो, वर्षा-दोन वर्षांत तो पहिल्यासारखा राहत नाही. स्प्रे गनला चालत होता म्हणजे अजून फुटला नव्हता एवढंच. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप टाका, थोडा उतार देऊन, शेवटी खाली एक ड्रेन. अ‍ॅल्युमिनियमचे तयार सेट मिळतात पण महाग पडतात. तोवर सरळ रबरी नळी वापरा. तुम्ही कारखान्याच्या व्याख्येत बसा की नका बसू, १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्ये कलम ३१ प्रेशरच्या भांड्यांसाठीच होतं (२०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा कोड आला) आणि त्याचं सार एवढंच की ठरवून दिलेल्या प्रेशरच्या वर जाऊ द्यायचं नाही. तात्यांनी टाकीबद्दल लिहिलंय ते त्यामुळेच बरोबर आहे.

आता बोटं. सतत थरथरणारं टूल धरल्याने बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. सुरुवात मुंग्यांनी होते, नंतर थंडीत एखादं बोट पांढरंफटक पडतं, पुढे पुढे शर्टाचं बटण लावता येत नाही. पांढरं पडायला लागल्यावर मागे फिरणं अवघड असतं, म्हणून मुंग्यांच्या टप्प्यावरच थांबायचं. युरोपात यासाठी आकडे ठरवलेत, ८ तासांच्या दिवसाला २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की मालकाने उपाय सुरू करायचे आणि ५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. चांगल्या टूलच्या कागदावर कंपनाचा आकडा दिलेला असतो तो बघा. हवेच्या टूलमध्ये आणखी एक भानगड, एक्झॉस्टची हवा गार असते, ती सरळ मनगटावर येत असेल तर त्रास वाढतो. एक्झॉस्टचं तोंड फिरवता येतं बहुतेक सँडरचं, बाहेरच्या बाजूला करा.

पोरांच्या पाळ्या लावा, सलग एकानेच घासायचं नाही. रात्री मुंग्या येत राहिल्या तर डॉक्टरला दाखवा, आणि तो काय काम करतो हे डॉक्टरला आवर्जून सांगा, नाहीतर व्हिटॅमिनच्या गोळ्या देऊन पाठवतील.

भोसरी_टूलरूम

कंपनावरून आठवलं, त्या सँडरवर ६ इंची पॅड नाही ना चढवला? बरेच जण चढवतात, जास्त जागा घासली जाते म्हणून. आत जे वजन बॅलन्सला ठेवलेलं असतं ते ५ इंची पॅडच्या वजनाला जुळवलेलं असतं, पॅड बदलला की हातात धडधड येते. झिजलेला पॅड, वाकडा चिकटवलेला पेपर, त्यानेही तेच.

आणि पोरं दाबून घासत असणार शंभर टक्के. पॅडच्या कडेला मार्करने एक उभी रेघ मारा. सँडर चालू असताना ती रेघ हळूहळू गोल फिरताना दिसली पाहिजे. रेघ जागेवरच थरथरतेय म्हणजे पोरगं दाबतंय, पॅड फिरायचा थांबला, पेपर कापत नाही आणि सगळी थरथर हातात जाते. पेपर गेला की बदलायचा, दाबायचं नाही. एका पेपरचे पैसे वाचवायला पोराची बोटं घालवू नका.

मालवणी_फायबर

मी गाडीवाला नाही, होडीवाला आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा फायबरच्या होड्या वर ओढतात आणि आमचा सीझन सुरू होतो, दिवसभर जेलकोट (होडीवरचा चकचकीत थर) आणि फायबर घासायचं. सगळे प्रेशरवर बोलतायत, धुळीवर कोणीच नाही म्हणून लिहितोय.

काम संपलं की पोरं काय करतात माहितेय? हवेची नळी घेतात आणि स्वतःच्या अंगावर मारतात, केसांवर, शर्टाच्या आत. आमच्याकडे तर काचेचे तंतू असतात, ते हवेने कातडीत घुसतात, मग रात्रभर खाजवत बसायचं. पण खाज ही किरकोळ गोष्ट. ६-७ किलोची हवा कातडीला जखम असली की आत शिरते, डोळ्यात गेली तर डोळा जातो, कानात गेली तर पडदा. आणि मस्करीत कुणी कुणाच्या मागे पाइप लावतात, असल्या मस्करीत आतडी फाटून माणसं मेल्याच्या बातम्या आपल्या पेपरातच येतात. अमेरिकेत साफसफाईला सुद्धा ३० पीएसआयच्या खालीच हवा मारायची असा नियम आहे आणि अंगावर मारायचीच नाही. आमच्याकडे नियम एकच, ब्लो गन (हवा मारायची पिस्तूल) दिसली की काढून घेतो. अंगाला व्हॅक्युमचा ब्रश. आंघोळ आधी गार पाण्याने, चोळायचं नाही.

रुमाल बांधून काही होत नाही. रुमालातून बारीक धूळ आरामात जाते, जाड काय ती अडते. निदान एन९५ किंवा आयएस ९४७३ छापलेला एफएफपी२ घ्या, नाकावरची पट्टी दाबून बसवायची, आणि दाढीवाल्याला तो नीट बसत नाही हेही खरं, आमचा एक आहे तो दाढी काढायला तयार नाही, त्याला घासायला ठेवतच नाही आता. मास्क घातला म्हणजे थिनरचा वास थांबत नाही हे लक्षात घ्या, त्याला काळ्या कोळशाच्या कार्ट्रिजवाला वेगळा लागतो.

मास्कपेक्षा धूळ उडूच न देणं बरं. जाळीचा पेपर आणि सँडरला व्हॅक्युमची नळी, शेडमधली हवाच बदलते. सँडरच्या एक्झॉस्टवर चालणारी छोटी पिशवी येते ती काही नसण्यापेक्षा बरी, पण अर्धी धूळ बाहेरच.

निवृत्त_सेफ्टीवाला

फायबरवाल्यांनी चांगलं लिहिलं. गाडीच्या कामात त्यात भर घालतो. टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) प्रायमर आणि क्लियरच्या (वरच्या चकाकीच्या थराच्या) हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तो पूर्ण सुकायच्या आत घासला तर त्याचा अंश धुळीत असतो. एकदा छातीला त्याची अ‍ॅलर्जी बसली की पुढे थोड्याशानेही दमा उठतो, मग त्या माणसाला हा धंदाच सोडावा लागतो. म्हणून घाई असली तरी सुकवायचा वेळ पाळा. जुन्या ट्रक-ट्रॅक्टरच्या खाली शेंदरी रंगाचा प्रायमर निघाला तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासूच नका, पाणपेपर मारा. पाणी मारून घासायला हवेचंच टूल बरं, हा त्याचा खरा फायदा, विजेच्या सँडरने ते करू नये.

आणि करंट नाही म्हणून आग लागत नाही असं समजू नका. लोखंडावर डिस्क लागली की ठिणगी पडतेच आणि शेजारी थिनरचा उघडा डबा असतो. कंप्रेसरची मोटर आणि प्रेशर स्विच दर वेळी चालू-बंद होताना आत ठिणगी पाडतात, म्हणून कंप्रेसर स्प्रेच्या जागेपासून लांब, शक्यतो भिंतीबाहेर. तुमचा मागच्या कोपऱ्यात आहे म्हणजे तो धूळ आणि थिनरची वाफ ओढतही असणार. अ‍ॅल्युमिनियमचं बॉनेट आलं तर त्याची धूळ लोखंडाच्या धुळीत साठू देऊ नका, त्यावर ग्राइंडरची ठिणगी पडली की असं पेटतं की पाण्याने विझत नाही, उलट भडकतं. कोरडी वाळू जवळ ठेवा.

रंगारी_नाशिक

रेग्युलेटर लावतो बाबांनो, एवढं लिहिलंत तर. त्या रेघेची ट्रिक सकाळी करून बघितली, आमच्या पोराची रेघ ढिम्म हलत नव्हती. 😅

एक विचारतो, स्प्रेच्या वेळी घालायचा तो हवा येणारा मास्क असतो त्याला आपल्याच कंप्रेसरची लाइन जोडली तर? हवाच आहे की.

फिटर_तात्या

नाही. तेलाचा कंप्रेसर आहे तुमचा, हेड तापलं की तेल जळून त्यातून कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो, त्याला ना वास ना रंग. श्वासाच्या हवेचा फिल्टर सेट वेगळा असतो आणि शक्यतो बिनतेलाचा कंप्रेसर. टायरची हवा आणि श्वासाची हवा एक नाही.

डेंटर_सातारा

सगळ्यांचे आभार, खरंच. जीआय पाइपवाला परवा येतोय, कंप्रेसर मागच्या पडवीत काढतोय. कानाला पण काहीतरी घ्यावं लागेल, सँडरची शिट्टी भयंकर आहे.

शेवटचं एक. सँडरला तेल सोडायचं म्हणतात, तर लाइनवर तेलाची बाटली बसवू का? त्याच लाइनवर स्प्रे गन पण चालते.

भोसरी_टूलरूम

नको! स्प्रेच्या लाइनला तेल गेलं की रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, सगळं परत घासावं लागेल. जीआय टाकतोयस तर दोन फाटे काढ, एक स्प्रेला फक्त फिल्टर-रेग्युलेटर, दुसरा टूलला. तेलाची बाटली तिथेही नको, सकाळी सँडरच्या तोंडात ५-६ थेंब एअर टूलचं तेल टाकायचं, खाली फडकं धरून थोडा वेळ हळू चालवायचं, जास्तीचं बाहेर येतं. इंजिन ऑइल टाकू नको, जाड असतं, आतल्या पट्ट्या चिकटतात. आणि कपलर सरळ सँडरला लावू नको, मध्ये हातभर नळीचा तुकडा ठेव, नाहीतर कपलरचं वजन मनगटावर येतं आणि थरथरीने तो लवकर झिजून एक दिवस सुटतो. कानाला इअर मफ घे, कापूस नको.